ठराव आणि मानपत्र : खोपोलीच्या निमित्ताने नगरपालिकांच्या कारभारभाषेचा एक विचार

१

महाराष्ट्रातील लहान शहरांच्या कारभाराचा इतिहास ज्या साधनांवरून लिहिता येतो, त्यांमध्ये नगरपालिकांच्या सभांची इतिवृत्ते हे अत्यंत विपुल, परंतु फारसे न वापरले गेलेले साधन होय. इतिवृत्ताच्या कोणत्याही वहीत दोन प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी आढळतात. पहिल्या प्रकारात गटारांची दुरुस्ती, रस्त्यांवरील दिवाबत्ती, पाणीपट्टीची थकबाकी, निविदांची मंजुरी, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे इत्यादी विषय येतात. दुसऱ्या प्रकारात मान्यवर पाहुण्याचे स्वागत, एखाद्या यशस्वी नागरिकाचे अभिनंदन, दिवंगत व्यक्तीविषयी दुखवटा, मानपत्र देण्याचा प्रस्ताव यांचा समावेश होतो. कारभाराचा अभ्यासक सामान्यतः पहिल्या प्रकारच्या नोंदी वाचतो आणि दुसऱ्या प्रकारच्या नोंदी औपचारिक म्हणून सोडून देतो. स्थानिक गौरवग्रंथ लिहिणारा नेमके याच्या उलट करतो. दोघांच्याही हातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. ती ही, की या दोन्ही नोंदी एकाच सभेच्या, एकाच पद्धतीने संमत झालेल्या आणि एकाच अनुक्रमाने नोंदविलेल्या असतात.

हे साहचर्य केवळ रूढीने आलेले नाही. त्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार ज्या १९६५ च्या अधिनियमान्वये चालतो, त्याच्या ८१ व्या कलमात सर्वसाधारण सभेसमोर कोणते कामकाज यावे याची मर्यादा घातलेली आहे. परिषदेचे अधिकार, कर्तव्ये व कार्ये यांच्याशी संबंधित विषय एवढेच त्या सभेचे क्षेत्र होय. या मर्यादेला जोडूनच कायद्याने तीन गोष्टी अंतर्भूत केल्या आहेत : मान्यवर पाहुण्याचे स्वागत, मान्यवर व्यक्तीला मानपत्र देण्याचा प्रस्ताव आणि दुखवट्याचा ठराव. अशी सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांतून एकदा भरावी, असेही त्याच कलमात सांगितले आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट म्हणजे अधिनियमाच्या इंग्रजी पाठातही ‘मानपत्र’ हा शब्द जसाच्या तसा ठेवलेला आहे. स्वागताला आणि दुखवट्याला इंग्रजी शब्द मिळाले. मानपत्राला मिळाला नाही, किंवा जो उपलब्ध होता तो मसुदाकारांना पुरेसा वाटला नाही.

नित्य कामकाज आणि नागरी सन्मान यांचा हा संबंध इतिहासात कसा घडला आणि भाषेत कसा उमटला, हे पाहिल्यास मानाच्या ठरावाचा अर्थ त्याच्या शेजारच्या रुक्ष ठरावांवाचून लागत नाही असे दिसून येते. किंबहुना नागरिकाला खरा सन्मान पुष्कळदा त्या रुक्ष ठरावांतच दिला गेला आहे किंवा नाकारला गेला आहे. या विचारासाठी खोपोली हे शहर सोयीचे आहे.

२

खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील गाव. त्याचा पूर्वेतिहास पाहिला तर त्याचे भवितव्य ठरविणारे निर्णय दीर्घकाळ गावाबाहेर झाले असे आढळते. पेशवाईच्या उत्तरकाळात नाना फडणविसांनी येथे तळे व महादेवाचे देऊळ बांधविले. १८३० मध्ये, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १२ मे १८५६ रोजी आगगाडी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली. इंग्रजी कागदपत्रांत या स्थानकाचे नाव ‘कांपूली’ अशा रूपात आढळते. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, परंतु मधला घाट बांधून व्हावयाचा होता. म्हणून १८६३ पर्यंत मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीस उतरे आणि पालखीने, तट्टावरून किंवा गाडीतून घाट चढे. १८६३ मध्ये घाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला, मुख्य मार्ग खोपोलीला बाजूला ठेवून वर गेला आणि कर्जत-खोपोली ही शाखा तेवढी उरली. १९१५ मध्ये टाटांच्या जलविद्युत योजनेचे वीजगृह येथे सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली उतरवून येथे निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरविण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात या परिसरात कारखानदारी वाढली.

वाट, लोहमार्ग आणि वीज या तिन्हींच्या बाबतीत खोपोली हे महत्त्वाचे ठिकाण ठरले. परंतु यांपैकी एकाही बाबतीत ‘खोपोलीकरांनी असे ठरविले’ असे वाक्य लिहिता येत नाही. शेजारच्या प्रदेशातील परिस्थिती निराळी होती. १८५० च्या २६ व्या अधिनियमाने रहिवाशांची इच्छा असेल त्या गावी नगरपालिका स्थापन करण्याची तरतूद केली आणि तिचा लाभ घेऊन पनवेल येथे १८५२ मध्येच नगरपालिका अस्तित्वात आली. अलिबाग, महाड, उरण येथील नगरपालिकाही एकोणिसाव्या शतकातल्याच होत. कर्जत तालुक्यातील माथेरानला थंड हवेचे ठिकाण म्हणून १९०५ मध्ये नगरपालिका मिळाली. वीज निर्माण करणाऱ्या खोपोलीला मात्र नगरपरिषदेचा दर्जा १९७० मध्ये प्राप्त झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७१,१४१ इतकी नोंदली गेली. ४० हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत लोकसंख्या असलेल्या शहरांचा जो ‘ब’ वर्ग कायद्याने केला आहे, त्यात ती बसते.

नगरपरिषद म्हणजे कर बसविणारी व सफाई ठेवणारी संस्था हे खरे. परंतु तिच्या स्थापनेबरोबर गावाला एक व्याकरणिक कर्तृत्वही प्राप्त होते. गाव प्रथमच एखाद्या वाक्याचा कर्ता होऊ शकते. हे कर्तृत्व कोणत्या वाक्यांत प्रकट होते आणि कोणत्या वाक्यांत लपते, हे पुढे पाहावयाचे आहे. तत्पूर्वी ‘मान’ आणि ‘सभा’ यांची जुनी परंपरा ध्यानात घेणे अवश्य आहे.

३

सभेचे इतिवृत्त ठेवण्याची पद्धत इंग्रजी अमदानीत आली असे सर्रास मानले जाते. आजच्या स्वरूपापुरते ते खरे आहे. तथापि मराठी प्रदेशाला सभेच्या लेखी नोंदीची ओळख त्यापूर्वीच होती. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे वा हद्दीचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि त्यांच्या निर्णयाचा महजर तयार होई. महजराच्या आरंभी ‘हाजिर मजालस’ या शीर्षाखाली उपस्थितांची यादी असे. तीत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर शेटे, महाजन आणि बलुतेदारही येत. अक्षरओळख नसलेले आपापली निशाणी करीत. पाटलाचा नांगर आणि निरनिराळ्या बलुतेदारांची त्यांच्या त्यांच्या हत्यारांची चिन्हे अशा कागदांवर पाहावयास मिळतात. आजच्या इतिवृत्ताच्या माथ्यावर असलेली ‘उपस्थित सदस्य’ ही यादी इंग्रजी पद्धतीची असली, तरी मराठी माणसाला ती अनोळखी वाटली नाही, याचे एक कारण हे असावे.

या कागदांत ‘मान’ हा शब्द वारंवार येतो, आणि त्याचा अर्थ आजच्याहून वेगळा आहे. तेथे मान म्हणजे आदराची भावना नव्हे. ती हक्काची बाब आहे. होळीची पोळी प्रथम कोणी टाकावी, पोळ्याला कोणाचा बैल पुढे असावा, विडा प्रथम कोणाला द्यावा, कागदावर निशाणी कोणी कोठे करावी, हे सर्व ‘मानपान’ होय आणि ते वतनाबरोबर वंशपरंपरेने चालत येई. मानासाठी भांडणे होत, त्यांचे निवाडे होत आणि मान विभागूनही दिला जाई. ‘मानकरी’ या शब्दात हा अर्थ आजही शिल्लक आहे. मान कोणी मिळवीत नसे. तो ज्याच्याकडे असे त्याच्याकडे असे.

‘मानपत्र’ या शब्दातील दुसरे पद ‘पत्र’ हेही हक्काच्याच परंपरेतले आहे : दानपत्र, वतनपत्र, निवाडपत्र. इंग्रजी राजवटीत गव्हर्नर वा व्हाइसरॉय गावी आला म्हणजे नागरिकांच्या वतीने त्याच्यासमोर लेखी भाषण वाचून ते शोभिवंत करंडकातून अर्पण करण्याचा प्रघात पडला. या नव्या वस्तूला मराठीने ‘मानपत्र’ हे नाव दिले, आणि नाव देताना तिचा अर्थ काहीसा बदलला. मूळ इंग्रजी कल्पनेत ते प्रजेने वरिष्ठाला उद्देशून केलेले निवेदन होते. अभिवादनाबरोबर त्यात गाऱ्हाणी आणि मागण्याही येत. मराठी नावात निवेदनाचा अर्थ मागे पडला आणि मान बहाल करण्याचा अर्थ पुढे आला. बोलणारा आणि ऐकणारा यांची पायरीच बदलली. निवेदन करणारा खाली असतो. मान देणाऱ्याजवळ देण्यासारखे काहीतरी असावे लागते. पुढे सरकारी अधिकाऱ्यांऐवजी लोकनेत्यांना मानपत्रे देण्याची वेळ आली तेव्हा हा शब्द त्या कामी सहज उपयोगी पडला. १९६५ च्या कायद्याच्या इंग्रजी पाठात तो कायम राहण्याचे कारणही बहुधा या अर्थांतरात शोधावे लागेल.

४

आता ठरावांच्या भाषेकडे वळू. त्यांच्या शब्दसंग्रहात दोन थर स्पष्ट दिसतात. नित्य कामकाजाचे शब्द बव्हंशी अरबी-फारसीतून आलेले किंवा देशी आहेत : हजर, गैरहजर, मंजूर, नामंजूर, कायम, तहकूब, दाखल, जमाखर्च, बाकी, अर्ज, बाब, पट्टी, ठराव. सन्मानाचे शब्द जवळजवळ सर्वच संस्कृत आहेत : स्वागत, सत्कार, अभिनंदन, गौरव, श्रद्धांजली. दुखवटा हा एकच ठळक अपवाद, आणि तोही घरगुती शोकविधीतून आलेला.

हा भेद शुद्धीकरणाच्या चळवळींनंतरही टिकून राहिला ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द रूढ झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ च्या पदनाम कोशाने अधिकारपदांची नवी नावे दिली. आचार्य अत्रे यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची थट्टा केली असली तरी त्यातील अनेक नावे कालांतराने अंगवळणी पडली. या सर्व प्रयत्नांचा परिणाम मुख्यतः नामांवर झाला. चीफ ऑफिसरचा मुख्याधिकारी झाला, म्युनिसिपालिटीची नगरपालिका आणि कायद्याने पुढे नगरपरिषद झाली. क्रियांची नावे मात्र हलली नाहीत. मुख्याधिकाऱ्याने मांडलेला विषय आजही ‘मंजूर’ होतो, इतिवृत्त ‘कायम’ होते, सभा ‘तहकूब’ होते आणि अर्ज ‘दाखल’ होतो. पदाचे नाव शासन बदलू शकते. रोज करावयाच्या कामाचे नाव ते काम करणाऱ्यांच्या तोंडी असते. ‘मंजूर’ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून ‘नजर’ हा शब्दही आला आहे. मंजूर म्हणजे मुळात पाहिलेले, नजरेखालून गेलेले. कारभाराच्या दृष्टीने हे वर्णन अगदी यथार्थ आहे.

शब्दांपेक्षाही वाक्यरचनेतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. नित्य ठरावाचे ठराविक शेवट असे असतात : ‘मंजुरी देण्यात येत आहे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘असे सर्वानुमते ठरले’. यांत कर्ता नाही. मंजुरी कोणी दिली, कार्यवाही कोणी करावी, हे वाक्यात व्यक्त होत नाही. सूचक आणि अनुमोदक यांची नावे ठरावाखाली येतात, पण वाक्याच्या बाहेर. याउलट अभिनंदनाच्या वा दुखवट्याच्या ठरावाचा आरंभ ‘ही सभा’ असा होतो आणि शेवट ‘अभिनंदन करीत आहे’ किंवा ‘दुःख व्यक्त करीत आहे’ असा कर्तरी होतो. सभा येथे बोलते, आनंदित होते, शोक करते. नित्य व्यवहारात कर्ता लपविणारी संस्था सन्मानाच्या प्रसंगी स्वतः कर्ता म्हणून उभी राहते.

याचे एक स्पष्टीकरण असे देता येईल, की नित्य ठरावातून दायित्व निर्माण होते आणि सन्मानाच्या ठरावातून होत नाही. गटार दुरुस्त करावयाचे ठरले तर ते कोणी व कधी करावयाचे हा प्रश्न उरतो, आणि कर्त्याचे नाव न घेणे सर्वांनाच सोयीचे असते. अभिनंदनाच्या बाबतीत असा प्रश्न नसतो. ठराव संमत होताच अभिनंदन घडून गेलेले असते. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर तेथे उच्चार हीच कृती होय. नित्य ठरावात उच्चार आणि कृती यांच्यामध्ये अंतर राहते, आणि स्थानिक स्वराज्याचा पुष्कळसा इतिहास या अंतरात घडला आहे. त्याची दोन उदाहरणे पाहावीत. पहिले सन्मानाच्या ठरावाचे आहे, दुसरे नित्य ठरावाचे.

५

पहिले उदाहरण पुण्याचे. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या पुणेभेटीनिमित्त शहर सुशोभित करून त्याचे स्वागत करण्यासाठी १००० रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव पालिकेपुढे आला. ३२ सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी त्याला विरोध केला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. ज्याने दोनच वर्षांपूर्वी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला, त्याच्या स्वागताचा हा खर्च होता, हेही विसरता येत नाही.

या प्रसंगाचे वर्णन सामान्यतः फुल्यांच्या निर्भयतेचे उदाहरण म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. फुल्यांनी सन्मानाच्या प्रश्नाचे उत्तर सन्मानाच्या भाषेत दिले नाही; ते जमाखर्चाच्या भाषेत दिले. स्वागत हे भावनेच्या सदरातून काढून त्यांनी ते खर्चाच्या बाबींमध्ये, शाळेच्या शेजारी ठेवले. पालिकेच्या दृष्टीने स्वागत आणि शाळा या एकाच तिजोरीवरील दोन मागण्या आहेत, हे त्यांच्या एका विरोधी मताने उघड झाले. लक्षणीय असे, की फुल्यांना स्वतःला मिळालेली ‘महात्मा’ ही पदवी कोणत्याही पालिकेच्या ठरावाने आलेली नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या जाहीर सभेत ती देण्यात आली. लोकांनी दिलेला मान आणि संस्थेने दिलेला मान यांचे मार्ग येथे वेगळे झालेले दिसतात.

६

दुसरे उदाहरण खोपोलीच्याच जिल्ह्यातील आहे. कर्जत-खालापूरचा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यात असे. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड येथे नगरपालिका होती आणि गावात चवदार तळे होते. खोपोलीचे तळे नाना फडणविसांच्या दानधर्मातून झाले. असे तळे दात्याच्या पुण्याईचे मानले जाई आणि त्याच्या उपभोगाचे नियम रूढीने ठरत. तळे नगरपालिकेच्या ताब्यात आले म्हणजे मात्र प्रश्न पालटतो. पाणी भरण्याची मुभा ही दात्याची कृपा उरत नाही. तो नागरिकाचा अधिकार होतो. त्यासाठी लागतो तो एक नित्य स्वरूपाचा ठराव.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर काहीच बदलले नाही. कर्त्याविना लिहिलेल्या वाक्याला प्रत्यक्षात कोणी कर्ता मिळाला नाही. तीन वर्षांनंतर, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने कागदावर जे केले होते, ते त्यांनी प्रत्यक्षात आणले. सत्याग्रहाच्या अर्थाची चर्चा अनेक अंगांनी झालेली आहे. कारभाराच्या अंगाने पाहता, नागरिकांनी स्वतः जाऊन एका ठरावाची अंमलबजावणी केल्याचा तो प्रसंग होय.

यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. जोपर्यंत ठराव केवळ शब्दरूप होता, तोपर्यंत त्याच्याने कोणाचे काही अडत नव्हते. त्याला कृतीचे रूप येताच शब्द मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सवर्णांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी वहिवाट असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला.

या साऱ्या प्रकरणात ‘मान’, ‘गौरव’, ‘सत्कार’ यांपैकी एकही शब्द ठरावाचा विषय नव्हता. विषय पाण्याचा होता, म्हणजे नित्य कामकाजातला. परंतु माणसाला नागरिक म्हणून ओळखावयाचे की नाही, हा नागरी सन्मानाचा मूलभूत प्रश्न त्या विषयातच निकालात निघावयाचा होता. मानपानाच्या जुन्या व्यवस्थेत पाणवठ्यावरील स्थान हाही मानाचाच भाग होता. नगरपालिकेच्या स्थापनेने ती व्यवस्था आपोआप संपली नाही. ती ठरावांच्या भाषेत शिरली, आणि ठराव संमत करणे, तो न बजावणे व शेवटी तो रद्द करणे या तीन मार्गांनी तिने आपला बचाव केला.

७

या दोन उदाहरणांच्या प्रकाशात खोपोलीसारख्या, उशिरा नगरपरिषद लाभलेल्या शहराच्या इतिवृत्तांकडे पाहिले पाहिजे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला वतनी मानपानाचा वारसा प्रत्यक्ष आला नाही. कारखान्यांमुळे बाहेरून आलेले कामगार, घाटावरचे व कोकणातले लोक आणि परिसरातील आदिवासी अशा मिश्र वस्तीत मानाचे जुने क्रम फारसे टिकणारे नव्हते. अशा ठिकाणी मान नव्याने ठरवावा लागतो आणि तो ठरविण्याचे अधिकृत स्थान नगरपरिषदेची सभा हेच असते. लहान शहरांतील अभिनंदनाचे ठराव संख्येने पुष्कळ असतात याचे केवळ हसू करणे म्हणूनच बरोबर नाही. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात घाईने घेतलेला अभिनंदनाचा ठरावदेखील कोणाला आपले म्हणावयाचे, याविषयी गावाने केलेले एक विधान असते.

सभेच्या रचनेबरोबर हे विधान करणाऱ्यांचे वर्तुळही बदलले आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांसाठी १९९० मध्ये ३० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर हे प्रमाण एक तृतीयांश झाले आणि २०११ मध्ये निम्म्यापर्यंत गेले. ‘नगरसेविका’ हा शब्द सर्वतोमुखी झाला तो या बदलामुळे. कायद्याच्या लेखी तो ‘सदस्य’च आहे, ‘सेवक’ ही लोकभाषेने केलेली भर होय. सत्तेच्या पदाला सेवेचे नाव देणे हाही सन्मानाचाच एक प्रकार असून त्यात अपेक्षेचा अंश मोठा आहे.

उलट दिशेचा अनुभवही नजीकचा आहे. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या निर्वाचित मंडळांची मुदत संपली आणि नव्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे होता. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांचे ठराव याही काळात होतच राहिले, कारण कर्त्याविना लिहिल्या जाणाऱ्या वाक्यांना सभेची गरज लागत नाही. प्रशासकाच्या ठरावाला सूचक नाही, अनुमोदक नाही आणि विरोधी मतही नाही. मात्र ‘ही सभा’ असा आरंभ असलेले वाक्य त्याला लिहिता येत नाही. नित्य कारभार प्रशासक चालवू शकतो. गावाच्या वतीने आनंद किंवा शोक व्यक्त करणे त्याच्या अधिकारात असले तरी त्याच्या व्याकरणात नाही. फुल्यांचे मत नोंदविले जाण्यासाठीही सभाच असावी लागली होती.

यावरून संशोधकासाठी काही साधी पथ्ये निघतात. सन्मानाचा ठराव आढळला म्हणजे त्याच सभेतील त्याच्या आधीचा आणि नंतरचा ठराव अवश्य वाचावा. एकाच सभेत कोणाचे अभिनंदन झाले आणि कोणाचा अर्ज तहकूब झाला, हे एकत्र पाहावे. सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदवून ठेवावीत. जी कामे वर्षानुवर्षे नोंदविली जातात, पण ती करणाऱ्यांची नावे कोठेही येत नाहीत, त्यांची वेगळी यादी करावी. सफाई कामगार, पाणी सोडणारे, दिवे लावणारे हे इतिवृत्तांतील कर्त्याविना वाक्यांचे खरे कर्ते होत. आणि प्रत्येक नित्य ठरावापुढे तो अमलात आला की नाही, याची दुसऱ्या साधनांवरून खातरजमा करावी. महाडचा १९२४ चा ठराव केवळ वहीतून वाचणाऱ्याला त्या गावाविषयी चुकीचेच मत बनवावे लागेल.

८१ व्या कलमाच्या मसुदाकारांनी नित्य कामकाज आणि मानपत्र यांना एकाच वाक्यात ठेवले, ते बहुधा सभेचा वेळ इतर विषयांत जाऊ नये एवढ्याच हेतूने. परंतु त्या वाक्याने एक ऐतिहासिक सत्य अभावितपणे नोंदविले आहे. नगराचा मान आणि नगराचे पाणी यांचा निर्णय एकाच सभेत, एकाच वहीत व्हावयाचा असतो, आणि एकाची नोंद वाचल्यावाचून दुसऱ्याची नोंद पुरती कळत नाही.